बाळाचं गाठोडं आठव्या महिन्यातच बांधा

घरात बाळंतपण जवळ आलं की वस्तीत दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. वडीलधाऱ्या बाया सांगतात, बाळ जन्मायच्या आधी त्याचे कपडे आणू नयेत, बरं नसतं. बाजारात गेलं की दुकानदार सांगतो, ताई, पूर्ण सेटच घ्या. झालरीचा फ्रॉक, मोजे, टोपी, मऊ गादी, दोन लोड, मोहरीची उशी. पहिला सल्ला ऐकला तर जन्मलेल्या बाळाला पुसायला कोरडं कापड हाताशी नसतं. दुसरा ऐकला तर कित्येक दिवसांची मजुरी जाते, आणि त्या सेटमधल्या काही वस्तू बाळासाठी धोक्याच्या असतात.

आम्ही बरीच वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काम केलं आणि आता वस्त्यांतून फिरतो. दोन्हीकडे एकच दिसलं. बाळाला लागतं थोडं, पण ते वेळेवर आणि स्वच्छ लागतं. त्यातलं बरंचसं आपल्या घरातल्या पेटीत आधीपासून असतं.

पहिली दहा मिनिटं

पोटात असताना बाळ ऊबेत असतं. बाहेर येतं तेव्हा ते ओलं असतं. अंगावरचं पाणी सुकताना शरीराची ऊब घेऊन जातं. आपण नदीवरून ओल्या लुगड्यानं आलो की वारा कसा झोंबतो, तसंच. फरक एवढाच की आपल्याला कुडकुडता येतं, बाळाला येत नाही. ते अंगातली साठवलेली चरबी जाळून ऊब तयार करतं. त्यात त्याची ताकद जाते, रक्तातली साखर उतरते, ते दूध ओढेनासं होतं. दूध गेलं नाही की आणखी गार पडतं. कमी वजनाची बाळं या फेऱ्यात लवकर सापडतात.

म्हणून जन्मल्याबरोबर बाळ एका कापडानं नीट पुसायचं, ते ओलं कापड बाजूला टाकायचं, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून दुसरं कोरडं कापड आणि डोक्याला टोपडं. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, तिथून ऊब फार जाते. पहिली अंघोळ किमान चोवीस तास घालायची नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ अशक्त असेल तर आणखी थांबायचं.

आता सरकारी दवाखान्यातली रात्र डोळ्यांसमोर आणा. सिस्टर बाहेर येऊन ओरडते, "कपडा द्या, कपडा!" नातेवाईक एकमेकांकडे बघतात. कुणी गळ्यातला टॉवेल देतो, कुणी खाली दुकानात पळतो आणि खळीचं, कडक, न धुतलेलं नवं कापड घेऊन येतो. ही वेळ कुणावर येऊ नये. आधी तयारी केल्यानं काही वाईट होत नाही. तयारी नसल्यानं मात्र बाळ गार पडतं, हे आम्ही पुष्कळदा बघितलं आहे.

ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात तपासून सिद्ध झालेली आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवलं. त्यांनी घरोघर जाऊन बाळ तपासायचं, आजार ओळखून उपचार करायचे, स्तनपानाला मदत करायची आणि बाळाला उबेत ठेवायचं. ऊबेसाठी साधे कपडे, टोपी, पांघरूण आणि लहान बाळासाठी उबदार पिशवी, इतकंच सामान होतं. या सगळ्या कामामुळे तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास जगापुढे आला. आज आशाताई बाळंतपणानंतर आपल्या दारात येतात, ते त्याच कामातून उभं राहिलं.

जुनं कापड म्हणजे हलकं नव्हे

वस्तीत तरुण आया आम्हाला म्हणतात, "सिस्टर, आमच्या बाळाला जुनं कशाला? आम्ही काय भिकारी आहोत?" हा राग कुठून येतो ते आम्हाला ठाऊक आहे. आपल्या आजा-पणज्यांना गावकीत मालकाचे उतरलेले कपडे, मढ्यावरचं कापड घ्यावं लागत होतं. नवं कापड अंगावर घालायची चोरी होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आपल्या मायबहिणींशी कपड्यांवर बोलले, ते याच जखमेमुळे. राहणी स्वच्छ ठेवा, अंगावरून जात ओळखू येईल असं नेसू नका, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता.

दुसऱ्यानं फेकलेलं नाइलाजानं घेणं वेगळं, आणि आपल्या आजीचं मऊ झालेलं सुती लुगडं धुऊन बाळासाठी काढणं वेगळं. दुसरी गोष्ट आपल्या निवडीची आहे. वैद्यकीय दृष्टीनंही तेच बरं. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ आणि कच्चा रंग निघून गेलेला असतो. ते घाम आणि लघवी लगेच शोषतं, कातडीला घासत नाही. झालरीचा नायलॉनचा फ्रॉक घाम शोषत नाही. शिवाय आपल्या खोलीत चूलही तिथेच असते. नायलॉनवर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं.

नवं घ्यायचं तर जरूर घ्या. फक्त सुती घ्या, थोडं मोठं घ्या, आणि घालण्याआधी दोनदा धुवा.

गाठोड्यात काय हवं

आठव्या महिन्यापर्यंत एवढं धुऊन, उन्हात वाळवून, स्वच्छ पिशवीत बांधून दाराजवळ ठेवा:

• बाळ पुसायला आणि गुंडाळायला मऊ सुती कापडं, चार. आजीचं एक लुगडं पुरतं.
• पुढून किंवा मागून उघडणारी सुती झबली, सहा. डोक्यातून घालावी लागणारी नकोत. बंद आखूड असावेत.
• टोपडी, दोन. पायमोजे, दोन जोड.
• लंगोट, वीस-पंचवीस. जुन्या सुती चादरीचे चौकोन चालतात.
• दुपटी, चार.
• गोधडी, पातळ एक आणि थंडीसाठी जाड एक.
• मेणकापडाचा एक तुकडा.
• आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन आणि सुती घड्या.

पहिली दोन कापडं पिशवीत अगदी वर ठेवा. रात्री सिस्टरनं मागितली की शोधाशोध नको.

पेटीतल्या डांबराच्या गोळ्या

जुने कपडे आपण पत्र्याच्या पेटीत डांबराच्या पांढऱ्या गोळ्या टाकून ठेवतो. बाळाच्या बाबतीत हे फार धोक्याचं आहे. या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. त्याची वाफ कापडात मुरते आणि बाळाच्या श्वासातून, कातडीतून आत जाते. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच 'जी-सिक्स-पीडी' नावाचा घटक कमी असतो. वरून बघून ते कळत नाही. अशा बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी नॅफ्थलीननं फुटतात, कावीळ झपाट्यानं वाढते आणि मेंदूपर्यंत पोचू शकते.

म्हणून गोळ्यांच्या पेटीतलं कापड नवजात बाळाला वापरूच नका. घरात बाळंतपण येणार असेल तर गोळ्या आताच काढून टाका. किडीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि कपड्यांना अधूनमधून ऊन दाखवा.

अंथरूण: सपाट, टणक, मोकळं

आपल्याकडे गादी-पलंग नसतो, सगळे जमिनीवर ओळीनं झोपतात, याची लाज वाटून घेऊ नका. बाळासाठी सपाट आणि टणक जागाच चांगली. खाली चटई, वर सतरंजी, त्यावर ताणून घातलेली पातळ गोधडी, मेणकापड आणि वर सुती कापड. झालं अंथरूण. मेणकापड नीट खाली खोचलेलं हवं. प्लास्टिकची सुटी पिशवी किंवा कागद बाळाजवळ कधीही नको.

मऊ गादीत बाळाचं तोंड रुतलं तर त्याला मान वळवता येत नाही. म्हणून वर्षाचं होईपर्यंत उशी नको, लोड नको, कापसाची खेळणी नकोत. मोहरीच्या उशीनं डोकं गोल होतं असं सांगतात. डोकं गोल होतं ते बाळाची मान रोज वेगवेगळ्या बाजूला वळवून ठेवल्यानं, आणि ते जागं असताना आपल्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पोटावर ठेवल्यानं. त्याला उशीची गरज नाही. आणि शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जातात.

झोपवताना बाळाला नेहमी पाठीवर झोपवा. उताणं झोपलेल्या बाळाच्या घशात दूध अडकेल अशी भीती आयांना वाटते. पण निरोगी बाळ गिळून किंवा खोकून ते बाहेर काढतं. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले.

पांघरूण छातीपर्यंतच घाला आणि दोन्ही बाजूंनी खोचा. बाळाला दोन मोठ्या माणसांच्या मधे नको, आईच्या एका बाजूला ठेवा. भिंत आणि अंथरूण यांच्यात फट राहू देऊ नका. भावंडांना त्याच्या शेजारी झोपवू नका. घरात कुणी दारू पिऊन झोपत असेल, बिडी ओढत असेल, किंवा बाळ कमी वजनाचं असेल, तर आईच्या हाताच्या अंतरावर त्याचं वेगळं अंथरूण घाला. नवऱ्याला हे सांगायला संकोच वाटत असेल तर आशाताईंना सांगायला लावा.

डासांसाठी मच्छरदाणी सगळ्यांत चांगली. कडा अंथरुणाखाली खोचा. बंद खोलीत बाळाजवळ मच्छर अगरबत्ती लावू नका.

साडीची झोळी

खोली दहा बाय दहाची असली की साडीची झोळी सोयीची होते, हे खरं आहे. ती अगदी बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. पण पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाची मान सावरलेली नसते. झोळीत अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. म्हणून झोळी फक्त कुणीतरी समोर बसलेलं असताना. बाळ झोपलं की उचलून सपाट अंथरुणावर ठेवा. झोळी जमिनीपासून हातभरच उंच असावी, खाली गोधडी असावी, गाठ आणि हूक रोज तपासावा. झोळी रिकामी झाली की लगेच वर गुंडाळून टाका. मोठी मुलं तिच्यात गिरक्या घेतात आणि साडीचा गळ्याला फास बसतो. अशा घटना घडलेल्या आहेत.

किती कपडे घालायचे

थर्मामीटर नसेल तर हाताची पाठ वापरा. आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही गरम, तर बाळ ठीक. पोट गरम पण पाय गार, तर बाळाला थंडी लागते आहे. त्याला छातीशी घ्या, एक थर वाढवा, दूध पाजा. पोटही गार लागलं तर बाळ धोक्यात आहे. उघड्या छातीला लावून, वरून पांघरूण घेऊन तसंच दवाखाना गाठा. थर्मामीटरनं काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं.

थंडीत आपल्यापेक्षा एक-दोन थर जास्त. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर जास्त ऊब धरतात. पावसाळ्यात ओलसर कपडा अंगावर चढवू नका. वाळत नसेल तर इस्त्री फिरवा. शेगडीवर, धुरीवर कपडे वाळवू नका आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्या धुरातल्या विषारी वायूनं आई आणि बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो.

उन्हाळ्याचं वेगळं. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याखालची खोली भट्टी होते. तरीही आम्हाला टोपडं, कुंची, स्वेटर आणि दुपट्यात घट्ट बांधलेली बाळं दिसतात. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार-खिडकी बंद. अशा बाळाला गुंडाळल्यामुळेच ताप चढतो. मानेमागे घाम, अंगभर घामोळ्या, लाल चेहरा, जोरात श्वास ही त्याची खूण. उन्हाळ्यात एक पातळ झबलं आणि लंगोट पुरे. घरात टोपडं काढा. दार उघडं ठेवा, दाराला ओलं पोतं लावा, पंखा थेट अंगावर नको पण हवा खेळती हवी. पाणी पाजायचं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, तेच वरचेवर द्या.

दुपट्यात गुंडाळताना छातीवर सैल ठेवा आणि पाय सरळ ताणून बांधू नका. बेडकासारखे दुमडलेले पाय हेच बाळाचे नैसर्गिक पाय. घट्ट सरळ बांधले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. बाळ कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद.

लंगोट मोजा

डायपर प्रवासात ठीक आहे. पण पहिला महिना तरी शक्यतो कापडी लंगोट वापरा, कारण लंगोट मोजता येतात. पाचव्या दिवसानंतर दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील तर आईचं दूध पुरतं आहे. मग कुणी 'दूध कमी पडतंय, डबा आणा' म्हटलं तर ऐकू नका. लंगोट कमी भिजत असतील तर आशाताईंना लगेच सांगा. डायपरमध्ये हा हिशेब राहत नाही.

लंगोट नाळेच्या खाली बांधा, म्हणजे नाळ कोरडी राहते. नाळेवर तेल, हळद, राख, पावडर काही नको. धुताना साधा साबण वापरा, दोन पाण्यांतून काढा, कडक उन्हात वाळवा. जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून तसंच वाळवलेलं कापड कातडीला झोंबतं. डायपर वापरलाच तर शी झाल्याबरोबर, एरवी दर तीन-चार तासांनी बदला.

दोरे, मणी, टाचण्या

बाळाच्या गळ्यात काळा दोरा, ताईत, मण्यांची माळ घालू नका. दोरा कशात अडकला तर फास बसतो, मणी सुटला तर घशात जातो, दोऱ्याखाली दूध साचून कातडी चिघळते. दृष्ट नावाचा आजार कुठल्याही दवाखान्यात आम्ही पाहिला नाही. या दोऱ्यानं चिघळलेल्या माना मात्र पाहिल्या. कपड्याला टाचणी लावू नका, बंद लावा. मोजे उलटे करून आतले सुटे धागे कापा. धागा किंवा आईचा केस पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजून काळं पडतं. बाळ कारण नसताना रडत राहिलं तर आधी बोटं बघा.

बाळ लहान असेल तर

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला सगळ्यांत चांगली ऊब आईच्या कातडीची. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉक्टर एदगार रे सानाब्रिया यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. आज जगभर ही 'कांगारू' पद्धत वापरतात. बाळाच्या अंगावर फक्त टोपडं, लंगोट, मोजे. त्याला दोन स्तनांच्या मधे उभं धरा, मान एका बाजूला वळवा, साडीनं किंवा ओढणीनं बांधा. दिवसाकाठी किमान आठ तास, जितकं जास्त तितकं चांगलं. आई थकली तर बापानं घ्यावं. बापाची छातीही तितकीच गरम असते.

हक्काचं मागून घ्या

दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायला हवं. वजन आणि तापमान त्यांच्याकडून मोजून घ्या. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मातृवंदना योजनेतून मिळतात. सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या बाळासाठी राज्यानं २०१९ साली बेबी केअर किटची योजना आणली. तुमच्याकडे ते मिळतं का, हे अंगणवाडीताईंना आधीच विचारा.

बाळ दूध ओढत नाही, गळून पडलं आहे, झटके येतात, श्वास जोरात चालतो, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे झाले, अंग गार पडलं किंवा ताप आहे, यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. गुंडाळल्यामुळे ताप वाटत असेल तर कपडे कमी करून अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. ३७.५ च्या वरच राहिला, किंवा बाळ सुस्त वाटलं, तर दवाखाना. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आजारी नवजात बाळाचे सरकारी दवाखान्यातले उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. गाडीसाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा. नेताना बाळ आईच्या छातीशी, डोक्यावर टोपडं.

आणि एक सुचवतो. वस्तीत कुणाचं डोहाळजेवण असेल तर साडी-चोळीच्या जागी चार घरांनी मिळून हे गाठोडं द्या. एकीनं लुगडं द्यावं, एकीनं झबली शिवावीत, एकीनं गोधडी. ज्या आजीला आधी कपडे आणणं अपशकुनी वाटतं, तिच्याच हातून पहिलं दुपटं फाडून घ्या. तिच्या हाताला लुगड्याचा मऊपणा आपल्यापेक्षा चांगला कळतो.